शिक्षणाचे वचन आणि शाळेची जबाबदारी : कॅलमझू शालेय जिल्ह्याचा अनुभव

अमेरिकेत ‘शालेय जिल्हा’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडील महसुली जिल्ह्यापेक्षा अगदी वेगळा आहे. शालेय जिल्हा म्हणजे सार्वजनिक शाळा चालविणारी एक स्वतंत्र स्थानिक संस्था होय. तिचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते, स्वतःचा अधीक्षक असतो, आणि तिच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळतीलच असे नाही. एका शहराच्या रस्त्याच्या अलीकडचे घर एका शालेय जिल्ह्यात आणि पलीकडचे घर दुसऱ्या जिल्ह्यात, असे सर्रास घडते. घर घेताना अमेरिकन पालक आधी शाळा कोणती मिळणार हे पाहतात, त्याचे कारण हेच. परिणामी ज्यांना परवडते ते चांगल्या समजल्या जाणाऱ्या शाळांच्या हद्दीत सरकतात, आणि जुन्या शहरांच्या शाळांमध्ये गरीब घरांतील मुले उरतात.

मिशिगन राज्यातील कॅलमझू हे सुमारे ७५ हजार वस्तीचे असेच एक जुने शहर. कागदाच्या गिरण्या हा एके काळी तेथील प्रमुख उद्योग होता. १८८६ साली स्थापन झालेली अपजॉन ही औषध कंपनी त्या शहराचा दुसरा आधार. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अपजॉन १९९५ मध्ये फार्मेसियात विलीन झाली आणि २००३ मध्ये ती फायझरच्या ताब्यात गेली. या स्थित्यंतरात मोठ्या पगाराच्या अनेक नोकऱ्या शहराबाहेर गेल्या. लगतच्या पोर्टेजसारख्या उपनगरांतील शाळा भरत होत्या आणि कॅलमझूच्या शाळांतील पटसंख्या घटत होती.

अशा परिस्थितीत १० नोव्हेंबर २००५ रोजी शालेय मंडळाच्या सभेत अधीक्षक जॅनिस ब्राऊन यांनी एक घोषणा केली. काही देणगीदारांनी, नाव प्रकट न करण्याच्या अटीवर, जिल्ह्याच्या सार्वजनिक शाळांतून बारावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांची महाविद्यालयीन फी भरण्याचे मान्य केले होते, आणि तेही एका वर्षापुरते नव्हे, तर कायमचे. या योजनेला ‘कॅलमझू प्रॉमिस’ असे नाव मिळाले. २००६ साली बाहेर पडलेली तुकडी ही तिची पहिली लाभार्थी. देणगीदारांची नावे अधिकृतपणे आजतागायत जाहीर झालेली नाहीत.

वचनाच्या अटी

या योजनेचे वेगळेपण तिच्या अटींत आहे, म्हणून त्या नीट पाहिल्या पाहिजेत. अमेरिकेतील बहुसंख्य शिष्यवृत्त्या एक तर गुणवत्तेवर मिळतात किंवा कौटुंबिक उत्पन्नावर. प्रॉमिसमध्ये शाळेतील गुणांची अट नाही आणि उत्पन्नाचीही नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायच्या दाखल्यांची चळत हाताळणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन कार्यालयांना हे ऐकून हेवा वाटेल. विद्यार्थी जिल्ह्याच्या हद्दीत राहणारा असावा, तो जिल्ह्याच्या सार्वजनिक शाळेत किमान नववीपासून सलग शिकलेला असावा आणि तेथूनच पदविकाधारक झालेला असावा, इतकेच पुरेसे असते. त्याच हद्दीतील खासगी शाळेतून उत्तीर्ण झालेल्यास मात्र लाभ नाही.

रक्कम ठरते ती शाळेतील वास्तव्यावरून. बालवर्गापासून बारावीपर्यंत जो जिल्ह्यात शिकला त्याची शंभर टक्के फी भरली जाते. पहिली ते तिसरीच्या दरम्यान आलेल्यास ९५ टक्के, चौथीत आलेल्यास ९० टक्के, आणि पुढे दर इयत्तेमागे ५ टक्के कमी होत नववीत आलेल्यास ६५ टक्के. दहावीत किंवा नंतर आलेल्यास काहीही मिळत नाही. ही उतरती भाजणी मुद्दाम योजलेली आहे. पालकांनी मूल लहान असतानाच जिल्ह्यात यावे आणि मध्येच सोडून जाऊ नये, हा तिचा हेतू. शिष्यवृत्तीच्या रूपाने ही एक प्रकारे शहर वसविण्याची योजना आहे.

फी भरली जाते ती मिशिगनमधील सार्वजनिक विद्यापीठांची आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची. २०१५ च्या तुकडीपासून राज्यातील काही खासगी महाविद्यालयेही यादीत आली. लाभ घेण्यासाठी दहा वर्षांची मुदत असते. आणखी एक तांत्रिक पण महत्त्वाचा मुद्दा असा की, ही रक्कम ‘पहिला डॉलर’ या तत्त्वावर दिली जाते. पुष्कळ योजना आधी सरकारी अनुदान वजा करून उरलेली तूट भरतात. त्यामुळे सर्वांत गरीब विद्यार्थ्यास त्या योजनेतून फारसे काहीच मिळत नाही. येथे उलट आहे. फी प्रॉमिसमधून भरली जाते आणि गरीब विद्यार्थ्यास मिळणारे संघराज्य सरकारचे अनुदान त्याला राहणे, जेवणखाण आणि पुस्तके यांसाठी वापरता येते.

न्यायालयाचा जुना निवाडा

कॅलमझूचे नाव अमेरिकन शिक्षणाच्या इतिहासात या आधीही एकदा गाजले होते. गावच्या करातून हायस्कूल चालविण्यास तेथील चार्ल्स स्टुअर्ट या प्रतिष्ठित नागरिकाने व इतरांनी न्यायालयात हरकत घेतली. प्राथमिक शिक्षण सर्वांसाठी ठीक. पण हायस्कूल ही मूठभरांची चैन असून तिचा भार सर्व करदात्यांवर कशासाठी, असा त्यांचा मुद्दा होता. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती टॉमस कूली यांच्या निकालपत्राद्वारे, ही हरकत फेटाळली. इतर राज्यांतील न्यायालयांनीही पुढे या निकालाचा आधार घेतला आणि सार्वजनिक हायस्कूलांचा मार्ग मोकळा झाला. सार्वजनिक शिक्षणाची मर्यादा कोठे संपते, हाच प्रश्न १३१ वर्षांनी त्याच गावात पुन्हा उपस्थित झाला. या खेपेस उत्तर करातून न येता खासगी देणगीतून आले, हा फरक मात्र लहान नाही.

फीच्या पलीकडे

फी भरण्याची हमी मिळाली म्हणजे मूल महाविद्यालयात पोहोचते, असे नाही. तिसरीत ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरी शुक्रवारी संध्याकाळनंतर पुरेसे अन्न नाही, जो वर्षातून तीनदा घर बदलतो, त्याला दहा वर्षांनंतरच्या शिष्यवृत्तीचा आज काय उपयोग? हा प्रश्न शाळांपुढे लगेच उभा राहिला, आणि येथूनच विविध संस्थांच्या भागीदारीचे खरे काम सुरू झाले असे म्हणता येईल.

या कामात ‘कम्युनिटीज इन स्कूल्स’ या संस्थेच्या स्थानिक शाखेचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बिल मिलिकन यांच्या प्रयत्नांतून या राष्ट्रीय संस्थेचा उगम झाला. तिची कल्पना सरळ आहे. शहरात आरोग्यसेवा, समुपदेशन, शिकवणी, अन्नपेढी असे सारे असते. परंतु गरजू मूल आणि ती सेवा यांची गाठ पडत नाही. पालकाला सुट्टी नसते, वाहन नसते, कोठे जावे हे ठाऊक नसते. म्हणून सेवाच शाळेत आणायच्या. त्यासाठी शाळेत पूर्ण वेळ एक समन्वयक बसतो. तो शिक्षक नसतो आणि शाळेचा कारकूनही नसतो. कोणत्या मुलाला चष्मा हवा, कोणाला हिवाळी कोट हवा, कोण वारंवार गैरहजर आहे, कोणाला आठवड्यातून दोनदा शेजारी बसून वाचून घेणारा स्वयंसेवक हवा, याची नोंद तो ठेवतो आणि त्या त्या संस्थेशी जोडून देतो. कॅलमझूमध्ये कपडे व शालेय साहित्य पुरविणारे भांडार, शनिवार-रविवारसाठी मुलांच्या दप्तरात दिली जाणारी खाद्यपदार्थांची पिशवी, शाळा सुटल्यानंतरचे अभ्यासवर्ग ही या कामाची रूपे आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, वर्गात भुकेलेले मूल दिसले तर कोणाकडे जायचे हे त्याला माहीत असते. बाहेरून हे क्षुल्लक वाटेल. पण भागीदारीच्या नावाखाली जे पुष्कळदा चालते, म्हणजे एक समारंभ, एक करारपत्र आणि एक छायाचित्र, त्याहून ते फार निराळे आहे.

जिल्ह्यानेही आपली बाजू बदलली. हायस्कूलमध्ये महाविद्यालयीन पातळीचे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ विषय घेणाऱ्यांची संख्या वाढविण्यात आली. गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना हे विषय ‘झेपणार नाहीत’ हे गृहीत सोडून द्यावे लागले. जून २०१० मध्ये कॅलमझू सेंट्रल हायस्कूलच्या पदवीदान समारंभास राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा उपस्थित राहिले, ते राष्ट्रीय स्पर्धेत या शाळेची निवड झाली म्हणून.

पटसंख्येवरील परिणाम सर्वांत आधी दिसला. २००५ मध्ये सुमारे १० हजारांवर आलेला पट पुढील दशकात साडेबारा हजारांच्या आसपास पोहोचला. मिशिगनमध्ये १९९४ च्या सुधारणेनंतर शाळांचा निधी मुख्यतः राज्याकडून, प्रतिविद्यार्थी येतो. म्हणजे वाढलेला प्रत्येक विद्यार्थी जिल्ह्यासाठी उत्पन्न घेऊन आला. देणगीदारांनी शाळांना थेट काहीच दिले नव्हते, तरी शाळांची तिजोरी सावरली ती या मार्गाने. अनेक दशकांनंतर जिल्ह्यात नव्या शाळेच्या इमारती उभ्या राहिल्या.

संशोधन काय सांगते

कॅलमझूमध्येच अपजॉन इन्स्टिट्यूट ही रोजगारविषयक संशोधन संस्था असल्याने या प्रयोगाचा अभ्यास बारकाईने झाला. मिशेल मिलर-ॲडम्स यांचे या विषयावरील पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. टिमोथी बार्टिक, ब्रॅड हर्शबाईन व मार्टा लाखोव्स्का यांनी केलेल्या अभ्यासाची पद्धत महाविद्यालयीन शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. योजना सुरू झाल्यानंतरच्या विद्यार्थ्यांची आधीच्यांशी नुसती तुलना केली, तर काळानुसार झालेले इतर बदलही त्यात मिसळतात. म्हणून त्यांनी जिल्ह्यात नववीपर्यंत आलेले (पात्र) आणि नंतर आलेले (अपात्र) अशा दोन गटांतील तफावत घेतली, आणि ती २००६ पूर्वी किती होती व नंतर किती झाली हे पाहिले. त्यातून दिसून आले ते असे : शाळा सोडल्यानंतर सहा वर्षांत पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांच्या प्रमाणात सुमारे १० टक्केबिंदूंची, म्हणजे जवळपास एक-तृतीयांशाची वाढ झाली. गुंतवणूक म्हणून हिशेब केला तर परतावा दरसाल ११ टक्क्यांच्या आसपास येतो. बार्टिक आणि लाखोव्स्का यांच्या आधीच्या एका अभ्यासात शालेय वयातच फरक आढळला होता : विद्यार्थ्यांच्या निलंबनाचे दिवस कमी झाले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले.

परंतु याच आकड्यांच्या पोटात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली होती. मुली आणि मुलगे वेगळे केले असता, पदवी पूर्ण करणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ४५ टक्क्यांच्या घरात वाढ दिसली, तर मुलग्यांच्या बाबतीत वाढ जवळजवळ शून्य. शाळा त्याच, शिष्यवृत्ती तीच, अटी त्याच. फीचा अडसर दूर केल्यानंतरही जे अडसर शिल्लक राहतात, ते सर्वांना सारखे अडवीत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते. मुलगा मागे पडल्यावर मदत मागतो का, मागितली तर कोणाकडे, आणि तासावर मिळणारी मजुरी समोर दिसत असताना दोन वर्षांनी मिळणारे प्रमाणपत्र त्याला खरे वाटते का, हे प्रश्न पैशाच्या भाषेत मावत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजची कसोटी

प्रॉमिसचे विद्यार्थी मोठ्या संख्येने गेले ते जवळच्याच दोन संस्थांत : वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ आणि कॅलमझू व्हॅली कम्युनिटी कॉलेज. दुसऱ्या संस्थेत प्रवेशासाठी गुणांची अट नसल्याने शाळेत कच्चे राहिलेले बहुतेक विद्यार्थी तिकडे वळले. अशा विद्यार्थ्यांना आधी लेखन-गणिताचे पूरक अभ्यासक्रम करावे लागत. त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जात नाहीत. एक-दोन सत्रे अशी गेली की विद्यार्थी नोंदणी करणेच सोडतो. योजनेच्या आरंभीच्या काळात पूर्ण वेळ विद्यार्थी असण्याची अटही होती, आणि नोकरी करून शिकणाऱ्यास ती जाचक ठरली. पुढे ती सैल करण्यात आली. महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या मागे राहून विचारपूस करणारे मार्गदर्शक नेमण्यात आले. शालेय समन्वयकाने जे काम पहिलीतल्या मुलासाठी करायचे, तेच येथे एकोणीस वर्षांच्या तरुणासाठी.

कॅलमझूचे अनुकरण अनेक शहरांनी केले, मात्र अटी आपापल्या ठेवल्या. आर्कान्सासमधील एल डोराडो येथे मर्फी ऑइल कंपनीच्या निधीतून २००७ मध्ये अशीच योजना आली. पिट्सबर्गच्या योजनेत २.५ सरासरी गुणांक आणि ९० टक्के उपस्थिती आवश्यक ठेवण्यात आली. तिचा निधी कायमचा नसल्याने २०२८ ची तुकडी ही तिची शेवटची तुकडी ठरणार आहे. मिशिगन राज्याने २००९ मध्ये कायदा करून गरीब वस्त्यांच्या शहरांना ‘प्रॉमिस झोन’ स्थापण्याची मुभा दिली. त्यात स्थानिक देणगी आणि राज्याचा करवाटा यांची सांगड घातलेली आहे. खुद्द कॅलमझूत २०१७ मध्ये नगर प्रशासनाच्या साहाय्यार्थ ‘फाउंडेशन फॉर एक्सलन्स’ स्थापन झाले आणि २०२१ मध्ये त्यास ४० कोटी डॉलरची देणगी मिळाली. तिच्याही दात्यांनी नाव सांगितलेले नाही.