सिलोनचा अप्रिय गव्हर्नर : लॉर्ड टॉरिंग्टन

दरबारात शोभणारा माणूस कारभारातही शोभतोच असे नाही. इंग्लंडच्या एका उमरावाने सिलोन बेटात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, याचा प्रत्यय आणून दिला. आणि त्याच्या चुकांची किंमत मात्र तेथील गरीब रयतेने मोजली.

जॉर्ज बिंग, सातवे व्हायकाउंट टॉरिंग्टन, यांचा जन्म १८१२ सालचा. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात ते मानकरी होते. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल हे त्यांचे आप्त. वसाहतीच्या कारभाराचा अनुभव मुळीच नसताना १८४७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गव्हर्नर म्हणून कोलंबोस येऊन दाखल झाले.

काळ कठीण होता. कॉफीचे मळे हा बेटाच्या उत्पन्नाचा मोठा आधार. परंतु कॉफीचे भाव कोसळले आणि सरकारी तिजोरीत तूट आली. टॉरिंग्टन यांनी मळेवाल्यांना दिलासा म्हणून कॉफीवरील निर्यात जकात उठविली आणि तूट भरून काढण्यासाठी सामान्य लोकांवर नवे कर बसविले. बंदुकीला अडीच शिलिंग, कुत्र्याला एक शिलिंग, दुकानाला एक पौंड. शिवाय प्रत्येक पुरुषाने वर्षातून सहा दिवस रस्त्यावर राबावे, नाहीतर पैसे भरावेत, असा कायदा झाला. रानडुकरे आणि हत्ती यांच्यापासून शेत राखणाऱ्या शेतकऱ्याला बंदूक आणि कुत्रा ही काही चैनीची वस्तू नव्हे. बौद्ध भिक्षूंनाही या रस्त्याच्या कायद्यातून प्रथम वगळलेले नव्हते. त्यांना सूट मिळाली, पण ती मागाहून.

कँडीचे राज्य इंग्रजांनी १८१५ साली घेतले होते. स्वतःच्या राजाची आठवण तेथे अद्याप ताजी होती. जुलै १८४८ मध्ये कँडीत लोकांचे जमाव गाऱ्हाणे घेऊन आले; परंतु त्यांचे समाधान झाले नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेस दंबुल्ल येथील विहारात गोंगालेगोडा बंडा याला राज्याभिषेक झाला. त्याचा प्रमुख साथीदार पुरन अप्पू हा समुद्रकाठच्या मोरटुवा गावचा. त्याचे मूळ नाव फ्रान्सिस्को फर्नांडो. बंडवाल्यांनी मातळे गाव घेतले, सरकारी कचेरी लुटली. पण कवायती फौजेपुढे त्यांचा निभाव लागला नाही. काही दिवसांतच बंड मोडले. या चकमकींत सरकारी फौजेचा एकही शिपाई ठार झाला नाही.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. बंड मोडूनही लष्करी कायदा ऑक्टोबरपर्यंत उठविण्यात आला नाही. लष्करी न्यायासनांपुढे झटपट चौकशा होऊन अठरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ८ ऑगस्ट रोजी पुरन अप्पूचा अंत झाला. कडहपोल थेरो या भिक्षूला तर अंगावरील पीतवस्त्रांसह गोळ्या घातल्या. माणसाबरोबर लोकांच्या श्रद्धेचाही असा अपमान झाला. याउलट, साध्या न्यायालयात जे खटले चालले, त्यांतील दोषींसाठी सरन्यायाधीश सर अँथनी ऑलिफंट यांनी दयेची शिफारस केली आणि त्यांचे प्राण वाचले. गोंगालेगोडा बंडा याचीही फाशी रद्द होऊन त्याला फटके मारून मलाक्केस हद्दपार करण्यात आले. एकाच बंडाला दोन तऱ्हेचे न्याय मिळाले!

टॉरिंग्टन यांच्या घराण्याला लष्करी न्यायाची धग ठाऊक नव्हती असे नाही. पहिल्या व्हायकाउंटचे पुत्र अ‍ॅडमिरल जॉन बिंग यांना लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार १७५७ साली गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्या आठवणीने वंशजाचा हात आखडला नाही.

कोलंबोच्या वृत्तपत्रांतून टीका झाली, तक्रारी लंडनला पोहोचल्या, आणि पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. १८५० साली टॉरिंग्टन यांना परत बोलावण्यात आले. त्यांच्या जागी सर जॉर्ज अँडरसन आले. मुंबई इलाख्यात मुलकी नोकरीत मुरलेले हे गृहस्थ १८४१-४२ मध्ये मुंबईचे हंगामी गव्हर्नरही होते. अननुभवी उमरावाच्या जागी अनुभवी मुलकी अधिकारी पाठविणे, ही चुकीची कबुलीच म्हणावयाची.

टॉरिंग्टन यांचे मात्र फारसे बिघडले नाही. १८५३ साली ते पुन्हा राणीच्या दरबारी रुजू झाले आणि १८८४ मध्ये मरण पावले, तेव्हाही दरबारचेच मानकरी होते. श्रीलंकेत आज पुरन अप्पूचे नाव आदराने घेतले जाते. गव्हर्नरांचे नाव निघते ते कुत्र्यावरच्या कराबरोबर. रयतेचे गाऱ्हाणे वेळीच ऐकणे हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य होय; ते चुकले, तर पुढची कोणतीही कठोरता ती चूक भरून काढू शकत नाही.