लांब पल्ल्याचे खेळ, चिंता आणि वियोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लांब पल्ल्याच्या खेळांचा, म्हणजे मॅरेथॉन व त्याहून मोठ्या अंतराचे धावणे, शेकडो किलोमीटरचे सायकलिंग, समुद्रातील पोहणे यांसारख्या ज्या खेळांत वेगापेक्षा तासन्‌तास टिकून राहण्याला महत्त्व असते त्यांचा, चिंतेशी आणि दुःखाशी असलेला संबंध गेली अनेक दशके अभ्यासला जात आहे. मात्र हे अभ्यास लोकांपर्यंत पोहोचता पोहोचता त्यांत बऱ्याच समजुतींची भर पडली असून, काही समजुतींमुळे आधीच खचलेल्या माणसाच्या वाट्याला आणखी एक अपयश येण्याची शक्यता असते.

सर्वांत रूढ समजूत अशी, की धावल्याने ‘एंडॉर्फिन’ हे आनंदाचे रसायन तयार होते आणि चिंता त्यात विरून जाते. एंडॉर्फिन हे शरीर स्वतःच तयार करीत असलेले, अफूवर्गीय औषधांप्रमाणे वेदना शमवणारे द्रव्य आहे आणि दीर्घ धावण्यानंतर रक्तातील त्याचे प्रमाण वाढते हे खरेच. परंतु रक्तातले कोणते पदार्थ मेंदूत जाऊ द्यायचे हे ठरवणारी जी संरक्षक व्यवस्था मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असते तिच्यातून हा रेणू सहजी पार होत नाही, त्यामुळे रक्तातील वाढीवरून मनःस्थितीविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. २००८ मध्ये जर्मनीत १० धावपटूंच्या मेंदूचे दोन तासांच्या धावण्यानंतर चित्रण केले गेले, तेव्हा मेंदूतही असे द्रव्य स्रवत असल्याचे पुरावे मिळाले. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका जर्मन प्रयोगात अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे ‘नाल्ट्रेक्सोन’ हे औषध देऊन ६३ जणांना ४५ मिनिटे धावायला लावले असता त्यांचा उल्हास आणि कमी झालेली चिंता दोन्ही कायम राहिली. या शांततेमागे एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे शरीरातच तयार होणारी आणि गांजातील द्रव्ये पेशींवरील ज्या ग्राहींवर काम करतात त्यांवरच काम करणारी रसायने, अधिक असावीत असे आता मानले जाते. रसायन कोणतेही असले तरी हा उल्हास अल्पकाळ टिकतो आणि सर्वांना येत नाही, म्हणून तासभर धावूनही बरे न वाटलेल्या शोकग्रस्त माणसाने स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

याच्या अगदी उलट टोकाची समजूत म्हणजे चिंताविकार असलेल्यांनी दमछाक करणारा व्यायाम टाळावा, ही होय. तिला एक जुना वैज्ञानिक आधार आहे. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लूर या अमेरिकी संशोधकांनी चिंताविकाराच्या रुग्णांना लॅक्टेट, म्हणजे जोरकस श्रमांत स्नायूंमध्ये तयार होणारे द्रव्य, शिरेतून दिले असता अनेकांना भयाचे झटके आले, आणि मग व्यायामानेही तेच होईल असा तर्क पसरला. प्रत्यक्षात १९९८ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन येथे भयविकाराच्या ४६ रुग्णांवर दहा आठवडे झालेल्या चाचणीत नियमित धावणाऱ्यांची स्थिती निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. त्याच चाचणीत क्लोमिप्रामिन हे औषध धावण्यापेक्षा लवकर आणि अधिक परिणामकारक ठरले, शिवाय धावणाऱ्यांपैकी ३१ टक्के रुग्णांनी प्रयोग मध्येच सोडला, या दोन गोष्टीही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

धावण्याचा उपयोग कसा होतो याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण ‘चिंता-संवेदनशीलता’ या संकल्पनेत मिळते. छातीतील धडधड, धाप, घाम, हातापायांना सुटणारा कंप या शारीरिक खुणांनाच घाबरणे, त्या म्हणजे हृदयविकाराची किंवा वेड लागण्याची सुरुवात आहे असे वाटणे, हे अनेक चिंताविकारांच्या मुळाशी असते. चढावर धावताना नेमक्या याच खुणा उमटतात: कानशिलांत ठोके ऐकू येतात, श्वास अपुरा पडतो, पिंडऱ्या थरथरतात, आणि माथ्यावर पोहोचून चालू लागल्यावर काही मिनिटांतच हे सारे आपोआप ओसरते. हा अनुभव आठवड्यातून तीन-चार वेळा घेतला की धडधडीचा संकटाशी जोडलेला अर्थ हळूहळू सुटत जातो. मानसोपचारात हेच तत्त्व रुग्णाला जिने चढायला लावून किंवा जागच्या जागी धावायला लावून मुद्दाम वापरले जाते.

वियोगाच्या संदर्भातील समजुती अधिक नाजूक आहेत, कारण त्यांत समाजाचा धाक मिसळलेला असतो. घरात मयत होऊन महिनाही झाला नसताना पायांत बूट चढवून पहाटे बाहेर पडणाऱ्या माणसाकडे, विशेषतः बाईकडे, आपल्याकडे निष्ठुर म्हणून पाहिले जाते. आणि तिलाच पुढे ‘मन गुंतवून ठेव, म्हणजे विसर पडेल’ असा सल्लाही दिला जातो. या दोन्हींच्या मागे गृहीतक एकच आहे, की हालचाल म्हणजे दुःखापासून पळ. शोकाच्या पाच पायऱ्या ओळीने चढाव्या लागतात ही लोकप्रिय कल्पनाही अशीच दिशाभूल करते, कारण एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवरून आलेल्या होत्या. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते: शोक करणारा माणूस गेलेल्याच्या आठवणींत बुडणे आणि उरलेल्या जगण्याची घडी बसवणे या दोहोंमध्ये सतत ये-जा करतो, आणि ही ये-जा चालू राहणे हेच सुदृढपणाचे लक्षण असते. दोन तासांच्या संथ धावण्यात नेमकी याच ये-जेला जागा मिळते, कारण पाय लयीत पडत असताना आठवण आली तर येऊ देता येते आणि खाचखळगा किंवा वळण आले की लक्ष पुन्हा रस्त्याकडे वळते.

धावणे म्हणजे दुःखापासून पळ नव्हे, याचे दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन हे ठळक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपम या सैनिकाने मृत सोबत्यांचे स्मारक म्हणून दगडी स्तंभाऐवजी पीटरमॅरिट्सबर्ग ते डर्बन ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत सुचवली आणि २४ मे १९२१ रोजी ती प्रथम झाली, तेव्हा ३४ जण धावले व १६ जणांनी ती पूर्ण केली. मुंबई-पुण्याकडूनही आता अनेक धावपटू या शर्यतीला जातात. तिच्या मार्गावर रस्त्यालगतच्या दरडीत ‘आर्थरचे आसन’ नावाची एक खोबण आहे. १९२० च्या दशकात पाच वेळा ही शर्यत जिंकलेल्या आर्थर न्यूटन यांची ती विसाव्याची जागा होती असे सांगतात, आणि धावपटू तिथे क्षणभर थांबून फूल ठेवतात, त्यांना सुप्रभात म्हणतात आणि पुढे निघतात. मृतांशी नाते तोडल्याविनाही पुढे जाता येते, हे शोकाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात सिद्धान्तरूपाने मांडण्याच्या कितीतरी आधीपासून ही शर्यत आचरणात आणत आली आहे.

अंतर जितके मोठे तितका आराम मोठा, हा समज मात्र पूर्णपणे चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांचे आहे आणि ते झपझप चालण्यानेही पूर्ण होते. नॉर्वेतील संशोधकांनी २०२३ मध्ये २२७ हौशी धावपटूंच्या पाहणीतून दाखवले, की नवे काही अनुभवण्यासाठी धावणारे आणि नकोसे विचार दाबून टाकण्यासाठी धावणारे यांच्यात फरक असतो, आणि दुसऱ्या प्रकाराचा संबंध कमी समाधानाशी व व्यायामाच्या व्यसनाशी आढळतो. दुखावलेल्या गुडघ्यानिशी धावणे, एक दिवस चुकला तर अपराधी वाटणे, जेवण तोडणे, घरच्यांशी बोलणे टळावे म्हणून अंतर वाढवणे ही त्या व्यसनाची लक्षणे होत, आणि बाहेरून ती जिद्दीसारखी दिसत असल्याने त्यांचे कौतुक होते, ही खरोखर चिंतेची बाब आहे.

मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत शरीराचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. २०१२ मधील एका अमेरिकी अभ्यासात जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट असल्याचे आढळले, आणि तो पुढे हळूहळू उतरत जातो. झोप व अन्न तुटलेले असताना हे दिवस शर्यतीच्या सरावाचे नसतात. चालणे, तेही कुणाच्या तरी सोबतीने आणि बोलता येईल इतक्या गतीने, पुरेसे असते, आणि हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी पुढचा सराव डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

चालू असलेली औषधे धावणे जमू लागले म्हणून परस्पर बंद करणे हेही धोक्याचे आहे. मृत्यूनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ कायम राहून रोजचे जगणेच ठप्प झाले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणात त्याला प्रदीर्घ शोकविकार म्हटले आहे आणि त्यावर खास मानसोपचार उपलब्ध आहेत. भारतात टेलि-मानस ही शासकीय सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.