क्यान, क्याउन, क्यन

आयरिशच्या ऑनलाइन उच्चारकोशात शब्दापुढे तीन बटणं असतात: सी, एम, यू. म्हणजे पश्चिमेचं कॉनॅक्ट, दक्षिणेचं मन्स्टर आणि उत्तरेचं अल्स्टर. हेडफोन लावून, वही उघडून मी ‘डोकं’ शोधलं. लेखन एकच, सी-ई-ए-एन-एन. सीवर ऐकू आलं ‘क्यान’, एमवर ‘क्याउन’. यूवरचा स्वर इतका आखूड की नुसतं ‘क्यन’ लिहून पुढे जाववेना. चारदा ऐकल्यावर कळलं, इथे कान स्वराकडे नाही, ‘न’कडे लावायला हवा. तो दातांमागे दाबून, भरदार म्हटलेला होता.

सगळी गोम या ‘न’मध्येच आहे. जुन्या आयरिशमध्ये न, ल, र यांचे सैल आणि ताठ असे दोन प्रकार होते. लेखनातले दोन एन ही ताठ ‘न’ची खूण. अल्स्टरने तो ताठपणा सांभाळला आणि स्वराला हात लावला नाही. मन्स्टरमध्ये ताठ-सैल भेद विरघळला, त्याचं वजन स्वरावर पडलं आणि ‘आ’चा ‘आउ’ झाला. कॉनॅक्टमधल्या कॉनमाऱ्याने ‘न’ही राखला आणि स्वरही लांबवला.

मधला ‘ई’ मात्र कुणीच उच्चारत नाही. शेजारचा ‘क’ जीभ टाळूकडे नेऊन म्हणा, एवढंच तो सांगतो. आपण ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले दोन वेगळे च एकाच अक्षरात लिहितो, ओळखणारा ओळखतो. आयरिश लोक तो फरक दाखवायला स्वरांची अक्षरं खर्ची घालतात. म्हणून पान बघून स्वरांचा नुसता पूर आल्यासारखं वाटतं.

खरा घाम काढला तो ए-ओ या जोडीने. ‘आयुष्य’ या अर्थाचा शब्द एस-ए-ओ-एल. मन्स्टरमधल्या केरीत तो ‘सेल’, कॉनमाऱ्यात ‘सील’. अल्स्टरमधल्या डोनेगलचा जुना उच्चार ऐकला आणि पेन थांबलं. ‘ऊ’ म्हणायचा, पण ओठांचा चंबू करायचा नाही. आरशासमोर उभं राहून बघितलं: जीभ मागे गेली की ओठ आपोआप गोल होतात, आणि ओठ पसरले की जीभ पुढे येऊन ‘ई’ होतो. देवनागरीत यासाठी अक्षर नाही. वहीत ‘ऊ’वर फुली मारून काम भागवलं. डोनेगलमध्येही सगळे तसं म्हणत नाहीत, काहींचा सरळ ‘ई’ असतो.

आघाताची तऱ्हा निराळी. ‘पाव’ कॉनमाऱ्यात ‘अरान’, जोर पहिल्या अवयवावर. केरीकर तो जोर लांब ‘रा’वर टाकतो, मग पहिला ‘अ’ जेमतेम उरतो. डोनेगलला जोर पहिल्यावरच, पण मागचा ‘आ’ आखडतो: ‘अरन’.

१९४५ च्या लेखनसुधारणेने ‘आयुष्य’मधली जी आणि एच ही मुकी अक्षरं काढून टाकली. १९५८ मध्ये व्याकरणासह अधिकृत प्रमाण ठरलं. उच्चाराचं प्रमाण मात्र त्यात नव्हतं, आणि माझ्या मते ते बरंच झालं. १९८६ च्या एका छोट्या शब्दकोशात तिन्ही बोलींचा मध्य साधणारा उच्चार छापला गेला. बेतलेला काळजीपूर्वक, पण तो कुठल्याच गावचा नाही. १९७२ पासून आयरिश बोलणाऱ्या भागांचं रेडिओ केंद्र केरी, कॉनमारा आणि डोनेगल अशा तिन्हीकडून बोलतं आणि निवेदक आपापली बोली सोडत नाहीत.

जुने आवाजही ऐकता येतात. रॉयल आयरिश अकॅडमीने विल्हेल्म डोगेन या जर्मन ध्वनिमुद्रकाच्या मदतीने १९२८ ते १९३१ मध्ये तबकड्या केल्या. बोलणाऱ्या अनेकांनी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली आहे. डब्लिनजवळ जन्मलेल्या ग्रिअर्सनने भारताच्या भाषासर्वेक्षणात हीच गोष्ट नमुना म्हणून घेतली होती. १९०५ च्या मराठी खंडात ती वऱ्हाडीतही आहे आणि कोकणीतही. गोष्ट माहीत असल्यामुळे डोगेनच्या तबकड्यांत अर्थ शोधत बसावं लागत नाही, कान स्वरांकडे मोकळा राहतो.

शिकणाऱ्याने मात्र एकच बोली धरावी. केरीचा ‘सेल’ आणि डोनेगलचा ‘अरन’ एका वाक्यात आले की ऐकणारा गोंधळतो. मी कॉनमारा धरलंय. कारण फार उदात्त नाही: तिथले बरेचसे स्वर फुलीशिवाय वहीत उतरतात.