दोन तारा, ऐंशी किलोमीटर

जव्हार-मोखाड्यात हाड मोडण्याचे हंगाम ठरलेले आहेत. शिमग्याच्या आगेमागे माणसं राबासाठी झाडावर चढतात. नागली-वरईचं, भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा आधी भाजून घ्यावा लागतो, आणि भाजायला ऐनाच्या डहाळ्या लागतात. एक पाय बेचक्यात, एक हात फांदीला, दुसऱ्या हातात कोयता. पाय सुटला की माणूस खाली येतो तो हातावरच. मग आंबे पिकतात आणि पोरं झाडावर जातात. पावसात बांध निसरडे होतात, डोक्यावर हंडा घेऊन उतरणारी बाई घसरते आणि तळहात टेकते. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात. तिथे चेंगरतात ती बोटं.

हात मोडला की माणूस मरत नाही. म्हणूनच बहुधा या भागातल्या आरोग्यावर जे काही लिहिलं जातं त्यात मोडलेल्या हाताला जागा नसते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीला बालमृत्यू झाले आणि जव्हारचं नाव राज्यभर गेलं. तेव्हापासून इथला दवाखाना म्हणजे कुपोषण आणि बाळंतपण, असंच समीकरण झालं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. आवणी, कापणी, मोळी, भट्टी, सगळं हातावर चालणाऱ्या घरात एक वाकडं कोपर काय करतं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि गंमत अशी की हाताचं हाड जोडण्याची सगळ्यात चांगली रीत ही सगळ्यात स्वस्त रीतींपैकी एक आहे. १९०९ मध्ये मार्टिन किर्शनर या जर्मन सर्जननं गुळगुळीत पोलादी तार हाडात घालायला सुरुवात केली. सुरुवातीला तिचं काम हाड ताणून धरण्याचं होतं. पुढे तीच तार तुकडे एकमेकांना टाचायला वापरू लागले. दवाखान्यात तिला आजही के-वायर म्हणतात. जाडी एक ते दोन मिलिमीटर, किंमत फारच किरकोळ. हाड बाहेरूनच ओढून, दाबून जागेवर आणायचं, पडद्यावर बघायचं, आणि कातडीतून तार आत सारायची. टाका नाही, लांब व्रण नाही. मोडलेल्या जागी साकळलेलं रक्त हे हाड जुळण्याचं विरजण असतं, त्याला धक्का लागत नाही. याला दुर्बिणीचं ऑपरेशन समजू नये. इथे दुर्बीण नसते, इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र असतं.

लहान मुलाचं कोपर हे या रीतीचं खरं घर. पाच ते सात वर्षांचं मूल पडलं की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, कारण तिथे ते चपटं आणि पातळ असतं. मुलाला भूल देऊन झोपवतात, हात सी-आर्मच्या तबकडीवर. एक जण काख धरून ठेवतो, दुसरा मनगटाकडून सावकाश ओढतो. आधी डावी-उजवीकडची सरक नीट करायची, मग कोपराच्या टोकाला मागून अंगठा लावून हात दुमडत न्यायचा. तुकडा जागेवर बसला की अंगठ्याला कळतं. पडदा ते नंतर दाखवतो. मग बाहेरच्या बाजूनं दोन, कधी तीन तारा, एकमेकींपासून फाकवून. जवळजवळ घातल्या तर तुकडा त्यांच्याभोवती फिरतो. टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवायची, वर अर्धं प्लास्टर. सगळं सुरळीत झालं तर अर्धा तास. तीन-चार आठवड्यांनी तारा पकडीनं ओढून काढतात, बहुतेक वेळा भुलीशिवाय.

अर्ध्या तासाच्या या कामाला वेळेची मोठी अट आहे. त्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. तुटलेलं टोक तिच्यावर रुतलं, किंवा सुजेवर पट्टी आवळली गेली, तर हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नाही, आणि सहाएक तासांत ते मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे दोरीसारखा आखडतो, बोटं कायमची आत वळतात. रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं आणि घट्ट पट्टीकडे तेव्हाच बोट दाखवलं.

इथे हाडवैद्याचा विषय निघतोच. बांबूच्या कामट्या, पाला, वरून कापडी पट्टी. शहरातले डॉक्टर त्याच्यावर सरसकट चिडतात, मला तसं चिडता येत नाही. जागचं न हललेलं हाड तो बरं करतो, कारण ते स्थिर ठेवलं की बरं होतंच. आपलं प्लास्टरही तेवढंच करतं. शिवाय तो पाड्यावर असतो, रात्री दार उघडतो आणि उधारी ठेवतो. पण सरकलेल्या कोपरावर, सूज चढत असताना, आवळून बांधलेली कामटी हा घात आहे. आणि आठ-दहा दिवसांनी मूल डॉक्टरकडे पोचलं तर नवं हाड धरायला लागलेलं असतं. मग नुसतं ओढून तार घालणं साधत नाही, चीर द्यावी लागते.

आता तास मोजू. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी किंवा डोली. मोखाड्यात असे पाडे अजून आहेत. मग १०८ ची गाडी. मग मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, जुन्या संस्थानाच्या राजाचं नाव लावणारं. तिथून पुढे पाठवायचं ठरलं तर जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकवरून. काही जण खाली सिल्वासाला जातात, काही घोटीजवळ धामणगावच्या एसएमबीटीला, काही ठाण्याला. सहा तास असेच संपतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण घाट आहे तिथेच आहे.

कोपर आणि मनगट यांच्या मधल्या दोन हाडांबद्दल थोडक्यात: मुलांमध्ये ती आतून लवचिक टायटॅनियमच्या सळया सरकवून सांभाळता येतात, फ्रान्समधल्या नान्सी शहरात ही पद्धत घडली. मोठ्या माणसाचं दंडाचं हाड तर पुष्कळदा नुसत्या पट्ट्याच्या आवरणात जुळतं. ऑपरेशन न करणं हीसुद्धा कला आहे.

मनगटावर मात्र थांबावं लागेल. तळहात टेकून पडलेल्या बाईचं मनगट मोडतं ते ठरावीक आकारात, डब्लिनच्या अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये सांगितलं तसं. प्लेट बसवावी की तारा घालाव्यात, यावर ब्रिटनमध्ये ४६१ जणांवर अभ्यास झाला. २०१४ मध्ये निकाल आला: तीन, सहा, बारा महिन्यांनी मोजलं तर फरक नाही, तारा स्वस्त. २०२२ मध्ये त्याच मंडळींनी तारा आणि साधं प्लास्टर यांची तुलना केली. वर्षानं हात सारखेच, पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाला हाड सरकल्यानं पुढे ऑपरेशन लागलं. आकडे मला मान्य आहेत. फक्त त्या हातांना सहा आठवड्यांच्या आत आवणी करायची नव्हती. तार कातडीबाहेर असलेला हात खाचराच्या चिखलात गेला की भोकातून जंतू आत जातो, आणि जुलैमध्ये ‘हात कोरडा ठेवा’ हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. अशा बाईला हात लवकर हलवू देणारी, पूर्ण आत बसणारी प्लेट द्यावी असं मला वाटतं, चीर पडली तरी.

बोटांचं उलट. बोटात मांस नाहीच. हाडावर थेट स्नायुबंध सरकतात. तिथे चीर दिली की व्रण त्यांना चिकटतो आणि बोट जुळतं पण वळत नाही. म्हणून बोटाला जितकं कमी उघडाल तितकं बरं. बरीच मोडलेली बोटं शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधूनच बरी होतात. पण एक गोष्ट घरी तपासता येते: सैलसर मूठ वळा. चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाकडे वळली पाहिजेत. एखादं बोट शेजारच्यावर चढलं तर ते आतून पिळलेलं आहे, आणि त्याला तार लागेल.

चेंदामेंदा झालेल्या बोटांसाठी मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बाहेरून बसवायचा सांगाडा तयार केला. तारा, छोटे सांधे, बारीक कांड्या. स्वस्त, आणि जखम उघडी ठेवून धुता येईल असा. ‘जेस’ म्हणून तो ओळखला जातो. दुसरी सोय कॅनडाच्या डॉन लालोंद यांनी रुजवली: बोटात ॲड्रेनालिन टोचलं तर ते काळं पडतं ही जुनी भीती फोल ठरवून, नुसत्या जागच्या भुलीवर, माणूस जागा असताना काम करायचं. तारा घालून झाल्या की टेबलावरच त्याला मूठ वळायला सांगता येतं. जिथे भूलतज्ज्ञ रोज मिळत नाही तिथे ही सोय सोन्याची. वाळवंड्याच्या भिकल्या धिंडांसारख्या तारपावादकाची बोटं भोकांवर कशी नाचतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला ‘बोट जुळलं’ आणि ‘बोट चाललं’ यांतलं अंतर समजावावं लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, आता महात्मा फुले जन आरोग्य म्हणवणारी योजना मोठा भार उचलते. सोबत आलेल्या बापाची बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. आणि चार आठवड्यांनी तार काढायला पुन्हा तोच घाट. तोवर घर भट्टीवर गेलेलं असेल तर तार हातातच राहते. तार घातली जाईल तिथेच काढली पाहिजे असं काही नाही. काढायला पकड, जंतुनाशक आणि पाच मिनिटं लागतात. ते काम भट्टीजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात व्हायला हवं, एका चिठ्ठीवर. आणि तालुक्याच्या ठिकाणी सी-आर्म आणि तो वापरणारे हात रात्रीसुद्धा हवेत. तार महाग कधीच नव्हती.

तोवर, हा अंक तिकडच्या शिक्षकांच्या, आशाताईंच्या हाती पडलाच तर एवढंच. मूल पडून कोपर सुजलं तर हात आहे तसा, थोडा वाकवलेला, मऊ आधारावर ठेवा. ओढू नका, चोळू नका. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत खायला देऊ नका. दर थोड्या वेळानं बोटं बघा. पांढरी पडली, गार लागली, किंवा बोट सरळ करताच मूल किंचाळलं, तर पट्टी हाडवैद्यानं बांधलेली असो की डॉक्टरनं, ती आधी सोडा. मग १०८ ला फोन करा.