भिंतीतलं भोक आणि शनिवार

कोकणातल्या ‘शनिवार तेल्यां’ची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, समुद्रात गेलेले धर्मग्रंथ आणि पुढे रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावं लावून तेलाचे घाणे चालवणारे यहुदी, म्हणजेच बेने इस्राएल. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली. गावाला एवढी ओळख पुरत होती.

मला या गोष्टीचं वेड लागलं ते घाण्यापेक्षा घरापायी. मी राहतो जयसिंगपुरात. शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं हे आखीव गाव. इथून कृष्णाकाठाकडे निघालं की मातीच्या भिंती अजून दिसतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातल्या अशा कितीतरी भिंती बसवल्या. मातीचं घर माणसाला मोकळं सोडत नाही. आज लिंपण, उद्या सारवण, पावसाळ्याच्या तोंडावर कौलं चाळायची. काम थांबवणारा दिवसही आपल्याला परका नाही. अमावस्येला आमच्याकडचा गवंडी थापी हातात घेत नाही, कर्नाटकातल्या कित्येक खेड्यांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. पण दर आठवड्याला येणारा, मालकापासून गड्यापर्यंत आणि बैलापर्यंत सगळ्यांना लागू असणारा, आणि भिंतीतल्या भोकापर्यंत बारकाईने लिहून ठेवलेला असा दिवस मला यहुदी धर्मशास्त्रातच भेटला. कित्येक वर्षं मी इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने ते शास्त्र वाचतो आहे.

मूळ नियम थोडक्यात असा. वाळवंटातल्या प्रवासात इस्राएली लोकांनी देवासाठी तंबूचं मंदिर उभारलं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी तेही काम थांबवायचं होतं. म्हणून त्या उभारणीला लागलेली कामं शब्बाथला वर्ज्य. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात अशा ३९ कामांची यादी आहे. नांगरणी, मळणी, विणकाम, बांधणं, पाडणं आणि ‘हातोडीचा घाव’, म्हणजे वस्तू पुरी करणारं अखेरचं काम. द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळणं मळणीच्या पोटात येतं. दाणा भुसातून सोडवणं आणि रस फळातून सोडवणं, दोन्ही एकाच जातीची कामं. शनिवारचा घाणा बंद का, याचं शास्त्रातलं उत्तर इथे मिळतं.

घराचं उत्तर बाबिलोनी तालमुदाच्या, म्हणजे मिश्नेवर पंडितांनी केलेल्या चर्चेच्या, शब्बाथवरच्या ग्रंथात, १०२ व्या पानाच्या मागच्या बाजूला आहे. या एका पानाने मला जितकं दिलं तितकं मोठमोठ्या ग्रंथांनी दिलं नाही.

मिश्ना विचारते, किती बांधलं म्हणजे बांधलं? उत्तर येतं, कितीही थोडं. तिथे पंडितांना शंका येते. इतकं थोडं बांधून उपयोग कुणाला? ज्याचा कुणालाच उपयोग नाही, त्याला बांधकाम तरी का म्हणायचं? रब्बी यिर्मया म्हणतात, गरीब माणूस घराच्या जमिनीत चिल्लर लपवायला लहानसा खळगा करतो, तेही बांधकामच. मग तंबूच्या मंदिरात याला जोड कुठली? कनाती शिवणारे कारागीर सुया ठेवायला तसाच खळगा करत असत. अबाये हे मान्य करत नाहीत. जमिनीत सुया गंजतील, कारागीर असं कधीच करणार नाही. त्यापेक्षा गरिबाची चूल घ्या. लहान मडकं ठेवण्यापुरते तो चुलीला पाय करतो. मंदिराच्या कामातही कनातींचा रंग थोडा कमी पडला की रंगारी तशीच लहान चूल घालून लहान भांडं चढवत. यावर रव अहा बर याकोब उठतात. श्रीमंतीच्या जागी गरिबीचे दाखले चालत नाहीत, असं ते बजावतात. मंदिराच्या कामात कमतरता कसली? खरा दाखला घरमालकाचा. त्याच्या वाड्याच्या भिंतीला भोक पडतं आणि तो ते बुजवतो. मंदिरातली जोड अशी की फळीला कीड लागली तर पोखरलेल्या भोकात वितळलेलं शिसं थेंबाथेंबाने सोडून ते बंद करत.

रव अहा बर याकोब हे काही तालमुदातलं सर्वांच्या तोंडी असणारं नाव नव्हे. मला मात्र ते या पानाचे नायक वाटतात. घर दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्यांनी धर्मशास्त्राच्या मधोमध आणून उभं केलं. नवं घर बांधणारा आणि जुन्या भिंतीचं भोक बुजवणारा या दोघांना त्यांनी एकाच कामाचे धनी ठरवलं. दुरुस्ती ही बांधकामाची धाकटी बहीण नव्हे, ते बांधकामच आहे, ही समज मला फार मोलाची वाटते. आणि ही सगळी चर्चा कशाच्या आधारावर चालली आहे ते पाहा: सुईवरचा गंज, चुलीचे पाय, लाकडातली कीड. ज्यांनी घरं हाताने सांभाळली त्यांनाच असं भांडता येतं.

त्याच पानावर पुढे गवंडीकाम येतं. शमुएल म्हणतात, दगड नीट बसवला की बांधकाम झालं. त्यांना आठवण दिली जाते की एकाने दगड ठेवला आणि दुसऱ्याने गारा घातला, तर दोष गारा घालणाऱ्याचा, असंही शास्त्रवचन आहे. मग भिंतीचे तीन थर वेगळे काढले जातात. पायाचा थर दगड नीट टेकवून, भोवती माती दाबली की झाला. मधल्या थराला गारा हवाच. सगळ्यात वरचा थर नुसता ठेवला तरी पुरे. कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा, तो यात फारसं काही बदलणार नाही. लगेच कुदळीची गोष्ट. तिच्या नेढ्यात दांडा घट्ट बसवणं शब्बाथला वर्ज्य, यावर ‘रव’ एवढ्याच नावाने ओळखले जाणारे पंडित आणि शमुएल यांचं एकमत आहे. रव त्याला बांधकाम म्हणतात, शमुएल अखेरचा घाव म्हणतात. एकाला दोन वस्तू जोडल्या जाताना दिसतात, दुसऱ्याला अर्धवट वस्तू पुरी होताना दिसते.

या साऱ्यातून हाती लागतं ते हे. या कायद्याचा काटा घामावर बसवलेला नाही. घरातल्या घरात जड बाज सरकवून माणूस दमला तरी ते बांधकाम होत नाही, आणि बोटभर भोक बुजवलं तर होतं. कष्ट किती पडले हे कुणी विचारत नाही. तुझ्या हातून काही घडलं का, एवढाच प्रश्न आहे. सहा दिवस माणूस घराकडे त्यातली उणीव शोधत पाहतो. सातव्या दिवशी घर आहे तसं पुरं धरायचं. या दृष्टीला मी नुसती सुट्टी म्हणणार नाही. घराच्या कर्तेपणातून माणसाला मिळालेली ती मोकळीक आहे.

सारवलेल्या जमिनीचं काय? त्याच ग्रंथात ७३ व्या पानावर म्हटलंय, उंचवटा काढला किंवा खड्डा भरला, तर शेतात ती नांगरणी आणि घरात ते बांधकाम. म्हणून झाडलोटीवरही नजर. केरसुणी फिरता फिरता जमिनीतले खळगे बुजायचे आणि पाणी शिंपडतानाही हात खळगे सारखे करायला जायचा. ९५ व्या पानावर याची मोठी चर्चा आहे. अमेमार यांनी तैग्रिसकाठच्या महोझा शहरात पाणी शिंपडायची परवानगी दिली. तिथल्या जमिनीला खळगेच नव्हते, मग भीती कसली? जिथे मातीची जमीन होती तिथल्या घरांसाठी शास्त्राने एक वाट सुचवली आहे, आणि ती बाईच्या नावाने नोंदवली आहे. घमेल्यात पाणी घ्यावं, एका कोपऱ्यात तोंड धुवावं, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात पाय. घर आपोआप शिंपलं जातं. शहाणी बाई शब्बाथला घर असं शिंपते, असं तालमूद कौतुकाने सांगतो. धूळ बसवायला रोज सडा घालणाऱ्या आपल्या आज्यांना या बाईची अडचण आणि हुशारी दोन्ही चटकन कळली असती. फरशीच्या घरात वाढलेल्या वाचकाला मात्र खळगा म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्याच्या हाताने बांधून घेतलं तर? इथे मला माझ्या आवडीची दुसरी व्यक्ती सापडली. मार झुत्रा, रव नहमान यांचा मुलगा. शब्बाथ ज्यांना लागू नाही अशा परधर्मी कारागिरांना त्याने हवेलीचं काम उक्तं दिलं. उक्तं काम कारागीर आपल्या सोयीने करतो, त्यामुळे त्याने शनिवारी केलं तरी तो त्याचा प्रश्न. पण शास्त्रात भेद आहे. शब्बाथला चालत जाता येईल अशा हद्दीच्या आत असं बांधकाम चालू देऊ नये, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला काम उक्तं आहे की रोजंदारीवर हे दिसत नाही. हद्दीबाहेर चालेल. मार झुत्राची हवेली हद्दीबाहेरच होती, नियम त्याच्या बाजूने होता. तरीही रव सफ्रा आणि रव हुना बर हिनेना तिथे आले तेव्हा त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. काही तर सांगतात की खुद्द मार झुत्राही त्या घरात गेला नाही. का? एक उत्तर असं की थोर माणसाला वेगळं माप असतं. दुसरं असं की त्याने कारागिरांना थोडा पेंढा दिला होता, म्हणजे त्याचा हात कामाला लागला होता. पेंढ्याच्या चार काड्या आणि उंबऱ्याबाहेर थांबलेले दोन पाहुणे. कायद्याने सूट दिली तरी पाहुण्याचं मन मानत नाही, हे नोंदवून ठेवणाऱ्या ग्रंथाबद्दल माझ्या मनात आदर आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’मध्ये उक्त्या कामाचा हा नियम पुन्हा बांधून दिला.

हा कायदा कठोर आहे असं वाटणाऱ्याने त्याची दुसरी बाजू वाचावी. छप्पर गळत असेल तर खाली भांडं ठेवावं, भरलं की ओतावं, पुन्हा ठेवावं. छपराला हात लावू नये. पण भिंत कुणाच्या अंगावर कोसळली तर सगळे नियम बाजूला. ढिगाऱ्याखाली कुणी आहे की नाही, जिवंत आहे की नाही, यहुदी आहे की नाही, यातलं काहीही नक्की नसलं तरी उपसायचं. न्यायसभेची परवानगी मागत बसायचं नाही, जो लवकर धावेल तो स्तुतीला पात्र. लहान मूल दाराआड कोंडलं गेलं तर दार फोडून काढायचं, आणि फोडणाऱ्याच्या मनात त्याच दाराच्या फळ्या करायचा विचार असला तरी फोडायचं. पुराचं पाणी भिंतीत मुरताना आणि मग भिंत आडवी होताना आमच्या तालुक्याने पाहिलं आहे. त्यामुळे हे पान मला पुस्तकातलं वाटत नाही.

विजेचे दिवे आले तेव्हा बांधकामाचा हा जुना प्रश्न बटणापाशी येऊन ठेपला. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे अव्राहम येशाया करेलिट्झ (१८७८–१९५३) म्हणाले, बटण दाबून निर्जीव तारेत प्रवाह सोडणं हे बांधकामच आहे. जेरुसलेमचे श्लोमो झाल्मान आउअरबाख (१९१०–१९९५) यांना हे पटलं नाही. जे दिवसभर लावायचं आणि काढायचं म्हणूनच केलेलं आहे, ते दाराच्या उघडझापीसारखं, त्यात बांधणं कसलं? बटण न दाबण्याबद्दल वाद नव्हता, कारणाबद्दल होता. मला आउअरबाख पटतात. घर वापरणं आणि घर घडवणं यातली रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

आता पुन्हा कोकण. बेने इस्राएलांजवळ हे १०२ वं पान नव्हतं. ग्रंथ त्यांच्याकडे उशिरा आले. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या आणि हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, ‘शमा’ची प्रार्थना आणि शनिवारी बंद राहिलेला घाणा, एवढ्यावर हा समाज यहुदी राहिला.

इस्राएलमध्ये गेल्यावर त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी सुरू झाली. विवाह आणि घटस्फोटाचं यहुदी शास्त्र यांना शतकानुशतकं ठाऊक नव्हतं, असा आक्षेप होता. त्याविरुद्ध आंदोलन झालं आणि १९६४ साली ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचं इस्राएल सरकारने जाहीर केलं. हे वाचताना मला नेहमी राग येतो. भोक बुजवणं बांधकाम का, यावर पानंच्या पानं लिहिता येतात, आणि ती लिहिली गेली याचा मला आनंदच आहे. पण त्या सगळ्या पानांच्या आधी एक गोष्ट करावी लागते: हातातलं काम खाली ठेवावं लागतं. पोटाचा धंदा असलेला घाणा, सणासुदीत तेलाला गिऱ्हाईक असतानाही, शनिवारी न जुंपणाऱ्या माणसाने ती केली होती. कुणी शिकवलेलं शास्त्र हाताशी नसताना केली होती. ग्रंथ असणाऱ्यांनी ग्रंथ नसणाऱ्यांची परीक्षा घ्यायला निघावं, एवढं काही या माणसांचं करायचं राहिलं नव्हतं.