ठिणगीची नाडीपरीक्षा

उत्तर भारतातील मे-जूनचा उन्हाळा माणसांची जशी परीक्षा पाहतो, तशीच यंत्रांचीही पाहतो. नोएडात या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सेक्टर १८ च्या गर्दीतून अर्धा तास रांगत आलेली मोटार ग्रेटर नोएडाकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर चढते, चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी आचके देऊ लागते. मागून भरधाव मालमोटार येत असते. समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. कशीबशी गाडी घरी पोहोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेल्यावर मात्र तेच इंजिन अगदी शहाण्यासारखे चालते. मिस्त्री सांगतो, ‘‘गाडी तो ठीक है, साहब.’’

चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार होतो. मग कधी पेट्रोलचा फिल्टर बदलला जातो, कधी इंजेक्टर साफ केले जातात, कधी इंधनपंपावर संशय घेतला जातो. बिल वाढत जाते आणि आचके कायम राहतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ही गत. अशा बऱ्याच प्रकरणांत खरा दोषी मुठीत मावेल एवढा एक भाग असतो, तो म्हणजे इग्निशन कॉइल. तिचा दोष अंदाजाने नव्हे, तर खात्रीने शोधता येतो आणि त्यासाठी बहुधा एक पैचाही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. वाहन-कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे नेमाने भरून मोटार नुकतीच पूर्णपणे आपली झाली आहे, अशा वेळी हे ज्ञान विशेष उपयोगी पडते. कारण हा भाग दगा देऊ लागतो तो अनेकदा याच वयात.

बारा व्होल्टचे तीस हजार

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण पेटविण्यासाठी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडावी लागते. बॅटरी मात्र असते अवघ्या १२ व्होल्टची. एवढ्या दाबाने ठिणगी त्या फटीवरून उडी घेऊ शकत नाही. हे अंतर भरून काढते ती कॉइल. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्या सुमारे शंभरपट बारीक तारेचे वेढे, एवढीच तिची रचना. जाड तारेतून वाहणारा प्रवाह एका क्षणात तोडला की गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते, त्या तारेतच काही शे व्होल्ट उसळतात आणि बारीक तारेत त्यांचे वीस ते चाळीस हजार होतात. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर आयर्लंडमधील धर्मोपदेशक-प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये अशी कॉइल बनविली. १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धत आली आणि पुढे जवळजवळ साऱ्या जगाने ती स्वीकारली.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या लागतात, तासाला ९०,०००. हे काम कॉइलला तापलेल्या इंजिनाच्या माथ्यावर बसून करावे लागते. उष्णता आणि कंपने यांमुळे तिच्यातील बारीक तारेवरचे आवेष्टन कालांतराने तडकते व वीज प्लगकडे न जाता आतल्या आत किंवा इंजिनाच्या धातूकडे पळवाट काढते. तापल्यावर तडा रुंदावतो, थंड झाल्यावर मिटतो. दुपारी आचके देणारी गाडी सकाळी निर्दोष का ठरते, याचे उत्तर येथे आहे.

पूर्वी हे निदान सोपे होते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये तिन्ही सिलिंडरांसाठी मिळून एकच कॉइल असे. ती गेली की गाडी जागच्या जागी थांबे. दोष लपत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १९९९ व २००० या लागोपाठच्या वर्षांत प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि संगणक-नियंत्रित इंजिने सर्रास आली. पुढे प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसू लागली. आता चारपैकी एक कॉइल रुसली तरी गाडी थांबत नाही, ती तीन सिलिंडरांवर लंगडत राहते. मेकॅनिकांच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. हा शब्द पुण्यात आणि नोएडात सारखाच चालतो, ही बदलीवर आलेल्या मराठी मंडळींची मोठीच सोय म्हणायची.

या बाबतीत नोएडाच्या शेजारचेच एक उदाहरण आहे. होंडाच्या ग्रेटर नोएडा येथील कारखान्यात १९९७ पासून डिसेंबर २०२० पर्यंत मोटारी तयार होत. तेथून २००३ च्या अखेरीस बाहेर पडलेल्या होंडा सिटीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते आणि प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल, म्हणजे चार सिलिंडरांना आठ कॉइल. त्यांतील एक बंद पडली तरी त्याच सिलिंडरचा दुसरा प्लग काम सांभाळून नेई. शाखेत एक लिपिक रजेवर गेला की शेजारच्याने दोन खिडक्या पाहाव्यात, तसे. गाडीचा जोर किंचित कमी होई, पेट्रोल थोडे अधिक लागे, एवढेच. मागील बाजूचे प्लग सहज हाती लागत नसल्याने तिकडे दुर्लक्षही होई. ज्या यंत्रात सांभाळून घेण्याची क्षमता अधिक, त्यात दोष दडून राहण्याची शक्यताही अधिक.

दोष नेहमी वयोमानानेच येतो असेही नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी सुमारे २ लाख ३७ हजार मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलाविल्या होत्या. त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या अवघ्या काही महिन्यांत तयार झालेल्या, म्हणजे जवळजवळ कोऱ्या होत्या.

संकेतांकाचा अर्थ

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ निकष लागू झाले आणि नव्या मोटारींत स्वतःचे दोष नोंदवून ठेवणारी यंत्रणा बंधनकारक होत गेली. स्टिअरिंगखालच्या १६ टाचण्यांच्या जोडणीत स्कॅनर लावला की संगणकाची नोंद वाचता येते. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटले नाही. ‘पी ०३००’ म्हणजे निश्चित असा एक सिलिंडर सांगता येत नाही. ‘पी ०३५१’ पासूनचे अंक कॉइलच्या विद्युत मंडलाविषयी बोलतात.

नेमकी येथेच घाई होते. ‘पी ०३०३’ हा अंक तिसऱ्या सिलिंडरची तक्रार नोंदवितो; तक्रारीचे कारण सांगत नाही. प्लग झिजलेला असेल, इंजेक्टर तुंबला असेल, वायरिंग सैल असेल, झडप नीट बसत नसेल, तरी अंक हाच येतो. तेरीज जुळत नाही एवढे कळल्यावर फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून मोकळे होणारा लेखापाल आणि अंक पाहताच चारही कॉइल बदलून देणारा मिस्त्री, हे एकाच पंथाचे.

खरी कसोटी अदलाबदलीची आहे. इंजिन बंद करून, किल्ली काढून ते निवू द्यावे. तिसऱ्या सिलिंडरवरील कॉइलची जोडणी व बोल्ट सोडवून ती सरळ वर ओढून काढावी आणि पहिल्या सिलिंडरवरील कॉइलशी तिची जागा बदलावी. प्लगला हात लावू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जुनी नोंद पुसून, ज्या परिस्थितीत दोष दिसला होता त्याच परिस्थितीत, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर व भार देऊन, गाडी चालवावी. आता ‘पी ०३०१’ आला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, ती दोषी. पुन्हा ‘पी ०३०३’ आला तर कॉइल बहुधा निरपराध आहे आणि शोध प्लगकडे, इंजेक्टरकडे, वायरिंगकडे वळवावा. काही मोटारींत एक कॉइल दोन सिलिंडरांना, म्हणजे १ व ४ किंवा २ व ३ यांना, मिळून ठिणगी देते. तेथे अशा जोडीच्या नोंदी एकत्र आल्या की संशय आपोआप कॉइलकडे जातो.

मल्टिमीटरने कॉइलचा विद्युतरोध मोजण्याची पद्धत आहे. तथापि तिच्यावर फार विसंबू नये. थंड अवस्थेत आकडा बरोबर आला म्हणून तापल्यावर तडा उघडणार नाही असे नाही आणि ज्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच अंगभूत असतो तिची तशी मोजणीही होत नाही. चालू इंजिनावर प्लगची तार ओढून ठिणगी पाहण्याची जुनी रीत तर सोडूनच द्यावी. वीस-तीस हजार व्होल्टचा झटका माणसाला घातक ठरू शकतो आणि गाडीचा संगणकही त्यात जायबंदी होऊ शकतो.

डोळ्यांनी पाहण्यासारखेही बरेच असते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर वीज बाहेरून पळते आहे. कॉइलखालचे रबरी नळकांडे चिरलेले असेल तर तोच परिणाम. प्लगच्या खोबणीत तेल आढळले तर वरचे सील गळते आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साचलेले दिसते. ही कारणे तशीच ठेवून बसविलेली नवी कॉइलही लवकर जाते. झिजलेल्या प्लगची फट वाढते, तितका अधिक दाब कॉइलला निर्माण करावा लागतो, म्हणून प्लगची स्थिती प्रथम पाहणे इष्ट.

नोएडात सीएनजी मोटारी पुष्कळ. सीएनजीचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते, त्यामुळे अशक्त कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. पेट्रोलवर घेतले की आचके नाहीसे होतात आणि सारा दोष गॅसच्या किटवर जातो. किट उघडण्यापूर्वी अदलाबदलीची कसोटी घेतलेली बरी.

लुकलुकणारा दिवा

पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून थांबणे श्रेयस्कर. न पेटलेले इंधन तसेच धुराड्याच्या मार्गाने बाहेर पडते आणि तेथील उत्प्रेरक परिवर्तकात जळते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असलेली त्याची जाळी त्या उष्णतेने वितळू लागते. कॉइलची किंमत सहसा चार आकड्यांत संपते. परिवर्तकाची पाच आकड्यांत जाते. तो निकामी झाला की प्रदूषण चाचणीतही अडचण येते आणि सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेला असल्याने भरपाई मिळत नाही. वाढीव वॉरंटी घेतली असल्यास तिच्या अटी अवश्य वाचाव्यात.

गॅरेजमध्ये गाडी सोपविताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: दोष इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, गॅसवर की पेट्रोलवर, चढावर की थांबलेल्या स्थितीत. दुरुस्तीनंतर काढलेली कॉइल आणि आधीच्या संकेतांकाची नोंद मागून घ्यावी. पावती तर घ्यावीच. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची विहित पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मिस्त्रीला शेजारी बसवून, वातानुकूलन सुरू ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे ती चालवून पाहावी. सकाळी नव्हे, दुपारी.