आजारी मुलंच जेव्हा वर्गणी काढतात

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचं काम आटोपल्यावर विषय निघाला. कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली होती की, परदेशात कॅन्सर झालेली मुलंच आपल्या दवाखान्याच्या वॉर्डासाठी पैसे जमवतात. बायकांचा प्रश्न सरळ होता, "ताई, आजारी पोरानं वर्गणी काढायची? मग मोठ्या माणसांनी काय करायचं?" त्यावर आज आपण बोलू.

आधी वॉर्ड म्हणजे काय ते बघू, कारण पैसा तिथंच लागतो. मुलांमध्ये जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. केमोथेरपीचं औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, पण त्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करतं. या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या अंगातली राखण. राखणच गेली की आपल्याला ज्याचं काही वाटणार नाही असा साधा जंतूही त्या लेकराच्या जिवावर बेततो. म्हणून मुलांच्या वॉर्डात हात धुवायला जवळ बेसिन असणं, दोन खाटांत अंतर असणं, संडास स्वच्छ असणं, आईला टेकायला जागा असणं ही चैन नाही. तो औषधाचाच भाग आहे. भिंतीवरची चित्रं नंतर आली तरी चालतील.

आता ती परदेशातली मुलं. अमेरिकेत अलेक्झांड्रा स्कॉट नावाची मुलगी होती, घरात सगळे अ‍ॅलेक्स म्हणायचे. तिचा पहिला वाढदिवस यायच्या आतच तिला कॅन्सर असल्याचं कळलं. २००० साली, चार वर्षांची असताना, तिनं आईला सांगितलं की मला दारात लिंबू सरबत विकायचंय, आणि ते पैसे डॉक्टरांना द्यायचेत, म्हणजे ते दुसऱ्या मुलांना बरं करतील. पहिल्याच वेळी दोन हजार डॉलरच्या वर जमले. तेव्हाच्या भावानं नव्वद हजार रुपयांच्या आसपास. पुढं गावोगावच्या मुलांनी तशीच टेबलं मांडली. ऑगस्ट २००४ मध्ये अ‍ॅलेक्स गेली, आठ वर्षांची होती. तोवर दहा लाख डॉलर जमले होते, आणि तिच्या नावानं उभं राहिलेलं काम आजही चालू आहे.

दुसरा इंग्लंडचा स्टीफन सटन. पंधराव्या वर्षी त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. तिकडं एक अडचण होती, आणि ती आपल्याकडंही आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कुठं ठेवायचं? लहान मुलांच्या वॉर्डात तो अवघडतो, आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी सत्तरीचे आजोबा. तिथली टीनेज कॅन्सर ट्रस्ट ही संस्था सरकारी रुग्णालयांमध्ये या वयाच्या मुलांसाठी वेगळे वॉर्ड उभे करते. स्टीफननं ठरवलं की या संस्थेसाठी दहा हजार पौंड जमवायचे. १४ मे २०१४ ला, एकोणीस वर्षांचा असताना तो वारला, तेव्हा रक्कम तीस लाख पौंडांच्या पुढं गेली होती. म्हणजे आपले तीस कोटी रुपये. त्यानंतरही लोक देत राहिले.

मग आपल्याकडं? कोल्हापुरात कॅन्सरचे उपचार होतात, तरी मुलांच्या आजारासाठी कितीतरी घरं महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून परळला टाटा हॉस्पिटलला जातात. हे रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथं देशभरातून माणसं येतात, आणि औषधाइतकाच मोठा प्रश्न असतो राहायचं कुठं, खायचं काय. रानातलं काम बुडालेलं, दुसरं पोर आजीकडं ठेवलेलं. अशा वेळी पैसे संपले की आईबाप उपचार अर्धवट टाकून गावी परततात. आमच्या मते मुलांच्या कॅन्सरमधलं सगळ्यात कडू सत्य हेच. आजार बरा होण्यासारखा असतो, औषध असतं, आणि मूल तरी हातचं जातं.

टाटामधल्या मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट नावाची संस्था काम करते. औषधाचा खर्च, खाणं, राहणं, मुलांचा अभ्यास, आईबापांना धीर देणं, सगळं एकत्र बघायचं, ही तिची रीत. पूर्वी शंभरातली वीसच्या घरात मुलं उपचार सोडून जात, ती पाचाच्या खाली आली. औषध तेच होतं, बरं का. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून मुंबईत अशा कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत फुकट खोली देते. तिथं स्वयंपाकाची सोय आहे, म्हणजे आईला लेकरासाठी स्वच्छ, ताजं शिजवता येतं. ज्या बाईनं दवाखान्याच्या जिन्यावर बसून वडापाववर दिवस काढलेत तिला विचारा, या चुलीची किंमत काय ती.

आणि आपल्या आजच्या विषयाच्या जवळचं काम म्हणजे 'उगम'. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्या तरुणांचा हा गट, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्यांचं मुख्य काम पैशाचं नाही, धीराचं आहे. केस गेलेल्या मुलाच्या आईला डॉक्टर सांगतात, "बरा होईल." पण समोर धडधाकट तरुण उभा राहून म्हणतो, "काकू, मलाही हाच आजार होता," तेव्हा ते वेगळं लागतं.

आता त्या बायकांच्या प्रश्नाकडं. आम्हाला वाटतं, मुलानं आपल्या मनानं सरबत विकलं तर त्याला अडवू नये. आजारपणात सगळं दुसरेच ठरवतात, सुई कधी, जेवण कधी. एखादी गोष्ट आपण केली, हे त्या लेकराला हवं असतं. पण वॉर्डाचा संडास दुरुस्त करायला पोराचा टक्कल झालेला फोटो फिरवावा लागतो, हे आम्हाला मान्य नाही. तो खर्च रुग्णालयाचा आणि सरकारचा. तो मागायला ग्रामसभा आहे, आमदार आहेत, आणि निवेदनं द्यायला आपण कमी नाही. फोटोचंही तसंच. पोर बरं होतं, शाळेत जातं, पुढं लग्नाचं वय होतं, आणि तो फोटो मोबाईलवर फिरतच असतो.

मदत द्यायची झाली तर आपल्या गटाचीच शिस्त लावा. मोबाईलवर आलेल्या नंबरवर पैसे टाकू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, काय कमी आहे ते विचारा, संस्थेच्या खात्यावर द्या, पावती घ्या आणि इतिवृत्तात नोंद करा. जुनी मऊ खेळणी, घरचे लाडू घेऊन वॉर्डात जाऊ नका. हेतू चांगला असतो, पण जंतू बरोबर जातात. संक्रांतीच्या वाणाचे पैसे बाजूला काढून एका मुलाच्या आईचा महिन्याचा शिधा भरला, तर तो तिला नक्की लागतो.

पैशाशिवायही देता येतं. या मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात, आणि त्या पाच दिवसांच्या पुढं टिकत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा मोठं शिबिर घेण्यापेक्षा गावातल्या रक्तगटांची यादी करून आळीपाळीनं जाणं जास्त कामाचं. बायकांमध्ये हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर लागतं. तिथंच आपल्यातल्या बऱ्याचजणी अडतात, म्हणून घरातल्या मुलांना आणि दिरांनाही यादीत घ्या.

कुणाच्या घरी हे दुखणं आलंच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च बसतो, दवाखान्यात आरोग्यमित्राला आधी भेटा. रेल्वेत रुग्णालयाचा ठराविक दाखला दिला की स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते.

आणि पोरांकडं बघताना हे बघा. औषध देऊनही पुन्हा पुन्हा येणारा ताप, चेहरा पांढरा पडणं, न लागता अंगावर काळेनिळे डाग, मानेत किंवा पोटात गाठ, हाडं दुखतात म्हणून रात्री उठून रडणं, सकाळी डोकं दुखून उलटी, फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण आठवडाभरात उतार नसेल तर आशाताईंना सांगा आणि सीपीआरला किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडं रक्त तपासून घ्या. डोळ्यात पांढरी चमक दिसली तर आठवडाही थांबू नका, लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या.